पुराची पिशवी आणि परदेशाची फाईल: तयारी वेगळी करावी की एकत्र?

प्रश्न (अकोटा, बडोदे)

नमस्कार. आम्ही अकोट्यात तळमजल्यावर राहतो. घरात आम्ही दोघे, शाळकरी मुलगी, डिसेंबर २०२३ मध्ये जन्मलेला मुलगा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई आहेत. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीने ३५ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा आमच्या घरात पाणी शिरले आणि कपाटाच्या खालच्या खणातले कागद भिजले. काही वाचले, काहींच्या दुय्यम प्रती काढाव्या लागल्या. आता यजमानांच्या नोकरीमुळे वर्षभरात संयुक्त अरब अमिरातीत जाण्याची शक्यता आहे. सासूबाई मात्र बडोद्यातच राहणार आहेत. पावसाळ्यापूर्वी आणीबाणीची पिशवी भरून ठेवायची आहे आणि परदेशासाठीची फाईलही तयार करायची आहे. या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात की एकत्र? शेजाऱ्यांनी सर्व मूळ कागद लॅमिनेट करून घेण्यास सुचवले आहे, ते योग्य ठरेल का? आणि आमच्यामागे सासूबाईंची अडचण होऊ नये म्हणून आत्ताच काय करून ठेवावे?

उत्तर १ (दांडिया बाजार, निवृत्त बँक कर्मचारी)

ताई, लॅमिनेशन कृपया करू नका. परदेशासाठी कागदांचे साक्षांकन (कागद खरा असल्याची सरकारी खातरजमा) होते तेव्हा शिक्के आणि स्टिकर बहुधा कागदाच्या मागच्या बाजूस लावतात, आणि प्लॅस्टिकमध्ये बंद केलेल्या कागदावर ते लावता येत नाहीत. पुढे प्लॅस्टिक सोडवताना मूळ कागदच फाटण्याची भीती असते. त्याऐवजी जाड पारदर्शक झिपची पाकिटे घ्या आणि ती घट्ट झाकणाच्या डब्यात घालून माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावरच्या नातेवाइकांकडे ठेवा.

तयारी एकत्रच करा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण पुराच्या रात्री जे कागद हाती लागायला हवेत जवळजवळ तेच दूतावासातही लागतात. फक्त लावणी बदला. आपल्याकडे साधारणपणे सगळे दाखले एका पिशवीत, सगळ्या पॉलिसी दुसऱ्या पिशवीत आणि बँकेचे कागद तिसरीत असतात. त्याऐवजी माणसागणिक एक पाकीट करा. मुलीच्या पाकिटात तिचा जन्मदाखला, पासपोर्ट, आधार, शाळेचे कागद आणि लसीकरणाचे ममता कार्ड. घाईत कोणी एकटे बाहेर पडले तरी त्याचे पाकीट त्याच्यासोबत जाते.

पाकिटे लावताना प्रत्येक कागदावरचे नाव वाचून पाहा. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो, आणि आपल्या मराठी घरांत लग्नानंतर मुलीचे नाव, मधले नाव व आडनाव तिन्ही बदलण्याची रीत असल्यामुळे एकाच बाईची पदवी एका नावाने, आधार दुसऱ्या नावाने आणि बँकेचे खाते तिसऱ्याच स्पेलिंगने निघते. इथे वर्षानुवर्षे ओळखीवर कामे होतात म्हणून हे कोणाला जाणवत नाही. व्हिसाच्या अर्जात मात्र ते अडते. आधी आधार आणि पासपोर्ट एकसारखे करून घ्या. पदवीवरचे नाव वेगळे असेल तर विवाह नोंदणीचा दाखला हा दुवा ठरतो, आणि तेवढ्याने भागत नसेल तर प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातील नामबदल करावा लागतो. या दुरुस्त्यांना वेळ लागतो, तेव्हा सुरुवात इथूनच करा.

मुलाबद्दल एक विशेष सूचना. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच चालतो. बारशापूर्वी काढलेल्या दाखल्यात पुष्कळदा बाळाचे नावच नसते. तसे असेल तर महानगरपालिकेत नाव घालून नवा दाखला घ्या.

लॉकरविषयीही सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते; पूर, भूकंप यांसारख्या नैसर्गिक आपत्तीतील नुकसानीला ती सर्वसाधारणपणे लागू होत नाही. म्हणून लॉकरमध्येही कागद जलरोधक पाकिटातच ठेवा. लॉकर सासूबाईंच्या आणि इथे राहणाऱ्या एखाद्या विश्वासू नातेवाइकाच्या संयुक्त नावाने असावा, आणि नामनिर्देशन तर सर्वच खात्यांवर तपासून घ्यावे.

उत्तर २ (शारजा, मूळचे कारेलीबाग)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. अमिरातींसाठी नुसते अपोस्टिल (अनेक देशांत चालणारा परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का) पुरत नाही. यजमानांची पदवी, विवाहाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले यांवर आधी राज्य पातळीवरचे, मग परराष्ट्र मंत्रालयाचे आणि त्यानंतर अमिरातींच्या दूतावासाचे साक्षांकन लागते; इथे पोहोचल्यावर येथील परराष्ट्र मंत्रालयाचेही होते. कुटुंबाचा व्हिसा यावर अवलंबून असल्यामुळे पदवीपाठोपाठ लगेच विवाहाच्या दाखल्याचे काम हाती घ्यावे.

औषधांकडे दुर्लक्ष करू नये. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधे इथे नियंत्रित आहेत. आपल्याकडे खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. परवानगीशिवाय ती सामानात नसावीत, आणि इतर औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ घटकाच्या नावासह ठेवावी.

भारतातील मोबाईल क्रमांक बंद होऊ देऊ नका. बँक, आधार, प्राप्तिकर या सगळ्यांचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात. निघण्यापूर्वी रोमिंग चालू करून घ्या आणि रिचार्जची तारीख लिहून ठेवा. अनिवासी झाल्यावर साधे बचत खाते एनआरओमध्ये (अनिवासी भारतीयांच्या रुपया खात्यात) बदलून घ्यावे लागते, तेही लक्षात असू द्या.

आणि पिशवी बडोद्यात सोडून येऊ नका. १६ एप्रिल २०२४ रोजी अमिरातींत ७५ वर्षांतील विक्रमी पाऊस पडला आणि शारजाच्या काही वस्त्यांत पाणी कित्येक दिवस ओसरले नाही. लिफ्ट बंद, रस्त्यांवर पाणी, आणि वरच्या मजल्यांवर लहान मुले व वयस्क माणसे, अशी स्थिती आम्ही पाहिली. इथल्या घरातही पाणी, औषधे आणि माणसागणिक कागद तयार हवेत.

उत्तर ३ (समा)

कागदांविषयी सविस्तर आले आहे, म्हणून मी घरापुरते लिहितो. काळाघोडा पुलाजवळची नदीची पातळी आणि आजवा जलाशयातून सोडल्या जाणाऱ्या पाण्याच्या बातम्या यांवर लक्ष ठेवा. नदी चढू लागली की रात्रीची वाट पाहू नका. इन्व्हर्टरची बॅटरी तळमजल्यावर असेल तर आत्ताच उंच चौथऱ्यावर घ्या. पाणी घरात येण्यापूर्वी मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करा. प्रत्येकी रोज किमान चार लिटर या हिशेबाने तीन दिवसांचे पाणी भरून ठेवा. पुरानंतर नळाचे पाणी उकळूनच प्या. पाण्यातून चालताना हातात काठी असावी, आणि विश्वामित्रीतली मगर दिसल्यास स्वतः काही न करता वनविभागाला कळवावे.

गाडी पाण्यात बुडाली असेल तर चावी फिरवू नका. इंजिनात पाणी असताना ती चालू करण्याचा प्रयत्न केल्यास इंजिन बिघडते, आणि इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम पॉलिसीत नसेल तर तो खर्च बहुधा विमा कंपनी देत नाही.

भिजलेले कागद एकमेकांना चिकटले असतील तर ओढून सोडवू नका, उन्हातही घालू नका. टिपकागदात ठेवून पंख्याखाली वाळवा. तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे बुरशी धरत नाही.

प्रश्नकर्तीकडून

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. लॅमिनेशनचा विचार सोडला आहे. मुलाच्या दाखल्यावर खरोखरच नाव नाही, त्यामुळे उद्याच महानगरपालिकेत जाऊ. घर यजमान आणि सासूबाई यांच्या संयुक्त नावे आहे. यजमानांच्या वाट्याच्या कामांसाठी मुखत्यारपत्र निघण्यापूर्वी करावे की तिकडून पाठवले तरी चालेल?

उत्तर १ (दांडिया बाजार)

निघण्यापूर्वीच करून नोंदवून घ्या. तिकडून करायचे झाल्यास भारतीय दूतावासात जाऊन सही करावी लागते, आणि ते पत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. मुखत्यारपत्रात भाडे, कर, वीज, दुरुस्ती अशी कामे नेमकी लिहा. विक्रीचा अधिकार गरज नसताना देऊ नका. सासूबाईंचे वय ७० च्या वर असल्यामुळे त्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेचे पाच लाखांचे कार्ड मिळू शकते. त्यासाठी त्यांच्या आधारला त्यांचाच चालू मोबाईल क्रमांक जोडलेला असावा, तो यजमानांचा नसावा. हे काम आपण इथे असतानाच उरकून घ्या.