मदत हवी आहे: एम.एस्सी. चालू आहे, पाळणाघराचा खर्च झेपत नाही (गोवा)

नमस्कार. मी साखळीजवळच्या एका गावात राहते. एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मुलगा चौदा महिन्यांचा आहे. गोव्यात शिकणाऱ्या आईला मूल सांभाळण्याच्या खर्चासाठी काही आर्थिक मदत मिळते का, हे विचारायचं आहे. परिस्थिती कळल्याशिवाय कोणी नेमकं सांगू शकणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जूनपर्यंत बाळाला सासूबाई बघत होत्या. मग न्हाणीत पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, पण नुकत्या चालायला लागलेल्या पोरामागे त्यांना कसं धाववणार? माझी आई काणकोणला, वडील आजारी, तिला तिथून हलता येत नाही. नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर आहे, महिन्याला बावीस हजार. शिफ्ट फिरती असते. त्यांची पहिली शिफ्ट असली की दुपारी तेच बाळाला घरी आणतात, तो आठवडा सुखाचा जातो.

बाकीच्या दिवसांत मी सकाळी सव्वासातची बस धरते, पणजीला बस बदलते आणि प्रॅक्टिकल आटोपून परत येईपर्यंत सात वाजतात. पाळणाघर गावातल्याच एका काकूंच्या घरी आहे. महिन्याला ४,५०० रुपये, आणि सहानंतर प्रत्येक अर्ध्या तासाला ५० रुपये वेगळे. गेल्या महिन्यात चौदा दिवस सात वाजले, म्हणजे १,४०० रुपये वर. एकूण ५,९०० झाले. दूध, पेज, डायपर आपलंच. घरात येणाऱ्या पैशांतला चौथा हिस्सा इथेच संपतो.

काकूंबद्दल माझी काही तक्रार नाही. मागच्या मंगळवारी बस वाटेत बंद पडली, मला साडेसात वाजले. बाळ काकूंच्या मांडीवर पायरीवरच झोपलं होतं आणि त्याच्या मुठीत माझी ओढणी होती. सकाळी सोडताना त्याने ती धरून ठेवली, मला सोडवून घ्यावीशी वाटली नाही, तशीच ठेवून गेले होते. त्या दिवसाचे जादा पैसे काकूंनी घेतले नाहीत. हिशेबाच्या वहीत मी त्या तारखेपुढे शून्य लिहिलं, आणि मग बराच वेळ तशीच बसून राहिले.

आता मूळ अडचण. मी पाहिलेल्या सगळ्या योजना फीभोवती फिरतात. उच्च शिक्षण संचालनालयाची बर्सरी (फीसाठीची मदत) आहे, गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज आहे. पण माझी फी भरून झाली आहे, आणि वर्षभराचं पाळणाघर त्या फीपेक्षा महाग पडतं. अर्जात त्यासाठी रकानाच दिसत नाही. बाळंतपणाच्या वेळी मातृवंदना योजनेचे ५,००० मिळाले होते, ते तेव्हाच संपले.

माझी शाळेतली एक मैत्रीण पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेली. तिथे ती अकाउंटिंगची पूर्णवेळ पदवी करते. इंग्लंडमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना चाइल्डकेअर ग्रँट म्हणून वेगळी रक्कम मिळते, घरचं उत्पन्न बघून पाळणाघराच्या खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत. २०२४-२५ मध्ये एका मुलासाठी कमाल मर्यादा आठवड्याला १९३.६२ पौंड होती. हे कर्ज नव्हे, परत करायचं नसतं. पाळणाघर मात्र नोंदणीकृत लागतं. ती हे सांगत होती तेव्हा पैशांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचं अप्रूप वाटलं: विद्यार्थ्याला मूल असू शकतं, हे तिथे कोणीतरी आधीच धरून चाललं आहे.

तर मला विचारायचं आहे ते असं. राज्य सरकारची गृहिणींना दरमहा मदत देणारी गृह आधार योजना आहे, तिच्यासाठी ‘गृहिणी’ म्हणताना शिकणारी बाई धरतात का? बिनव्याजी कर्जात फीशिवाय असा खर्च कोणी मागून पाहिला आहे का? काकू पावती देत नाहीत, तर खर्चाचा पुरावा म्हणून काय जोडायचं? आणि बाळ आजारी पडलं की हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाते, त्याला काही सवलत असते का?

‘एक वर्ष थांब, पोर मोठं होऊ दे’ हा सल्ला कृपया देऊ नका. तो रोज ऐकते. गोव्यात औषधकंपन्यांच्या लॅबमध्ये एम.एस्सी. झालेल्यांना काम आहे, ते मिळालं तर आमचं घर सावरेल. दोन सत्रं उरली आहेत, तेवढीच काढायची आहेत.

कुळागर यांचा प्रतिसाद:

ताई, आधी पाळणाघराचं बघा. केंद्राची पूर्वीची राष्ट्रीय पाळणाघर योजना २०२२ पासून मिशन शक्ती या महिलांसाठीच्या केंद्रीय कार्यक्रमाखाली ‘पालना’ नावाने चालते. त्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं असतं, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. आधी ही सोय नोकरी करणाऱ्या आयांपुरती होती. आता आई नोकरी करते की नाही हे बघायचं नाही, सगळ्यांना खुली आहे. म्हणजे शिकणारी आईही त्यात येते. साध्या अंगणवाडीत तीन वर्षांखालच्या बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसभर ठेवून घेत नाहीत, म्हणून विचारताना ‘पालना’ हाच शब्द वापरा. वेळ साडेसात तासांची असते. तुमचा दिवस त्यात बसणार नाही, पण काकूंकडे फक्त संध्याकाळ राहिली तरी खर्च बराच उतरेल.

गृह आधारमध्ये महिन्याला १,५०० रुपये मिळतात. नवरा-बायकोचं मिळून वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं आणि गोव्यात १५ वर्षांचं वास्तव्य हवं. बावीस हजारांच्या हिशेबाने तुमचे २ लाख ६४ हजार होतात. उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला आधी काढून ठेवा. महिला व बालविकास खात्यात जाताना शिकत असल्याचं लपवू नका, स्पष्ट सांगून विचारा. मागाहून अडचण नको.

हजेरीसाठी यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) १४ डिसेंबर २०२१ चं पत्र छापून न्या. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींच्या बाळंतपणाच्या रजेचे आणि हजेरीत सवलतीचे नियम करा, असं त्यात विद्यापीठांना सांगितलं आहे. पीएच.डी.वाल्यांना तर २४० दिवसांची रजा नियमातच आहे. अकराव्या पंचवार्षिक योजनेत विद्यापीठांत पाळणाघरं काढायलाही यूजीसी पैसे देत असे, त्यात कर्मचाऱ्यांबरोबर विद्यार्थ्यांची मुलंही धरली होती. म्हणजे विद्यापीठात पाळणाघर काढा, ही मागणी नवी नाही, तसा अर्ज करता येईल. पण एकटीच्या अर्जाकडे कोण बघणार? नावं गोळा करा.

शेवंती यांचा प्रतिसाद:

पावतीचं सोपं आहे. बाजारात पावतीपुस्तक मिळतं, ते काकूंना आणून द्या, दर महिन्याला भरून सही घ्या. पैसे शक्य तर बँकेतून द्या. बी.एड. करताना मी माझ्या मुलीला घराजवळ न ठेवता कॉलेजच्या बाजूला ठेवलं होतं. बसमध्ये तिची ओढाताण व्हायची, पण दुपारच्या सुट्टीत जाऊन भरवता यायचं आणि उशिराचे पैसे वाचायचे. चौदा महिन्यांच्या बाळाला पावसाळ्यात दोन बसा जमतील का, ते तुम्हीच ठरवा.

धागाकर्ती:

दोघींचेही मनापासून आभार. आज अंगणवाडीताईंकडे जाऊन आले. आमच्याकडे पालना नाही, जवळपास कुठे आहे ते मुख्य सेविकांना (अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्यांना) विचारून कळवते म्हणाल्या. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज केला. पावतीपुस्तकावर काकूंनी लगेच सही केली, मागच्या तीन महिन्यांचीही.

पाळणाघराच्या मागणीचा अर्ज मी लिहायला घेतला आहे. वर्गात विचारलं तर आणखी तिघी निघाल्या, त्यातल्या एकीला मूल आहे हे मला इतके दिवस माहीत नव्हतं. इथे वाचणाऱ्यांपैकी कोणी शिकता शिकता मूल वाढवत असेल, आई असो वा बाबा, तर मला निरोप करा. विभाग आणि मुलाचं वय एवढंच कळवा. सोमवारी अर्ज द्यायचा आहे.