मदत हवी आहे : मिश्री सोडवायची तर एकटीला गाठावे की घोळक्याला?

नमस्कार. गावातील महिला बचत गटांसोबत मी तंबाखूमुक्तीचे काम करते आणि मिश्रीपाशी येऊन ते अडले आहे. तव्यावर तंबाखू काळा पडेपर्यंत भाजून केलेली ही पूड दातांना लावल्याने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, हे आता बहुतेक जणींना ठाऊक आहे; तरीही सकाळी ओट्यावर सासू, जाऊ आणि शेजारीण डबी उघडून बसल्या की निग्रहाने थांबलेल्या सुनेचे बोटही आपसूक डबीत जाते. समुपदेशन आपण एकटीचे करतो, सवय मात्र घोळक्याची असते, असे माझे मत झाले आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार?

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावागावांत चुरस लावून स्वच्छता हा अख्ख्या गावाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न केला होता. तसे इथे करता येईल, की चुरशीपायी बायका लपून मिश्री लावू लागतील? आधी सासूला तयार करावे, की साऱ्या गटाने एकाच दिवशी सोडावी? असे काम केलेल्यांनी कृपया अनुभव सांगावा. विशेषतः सकाळच्या त्या बैठकीला पर्याय काय दिला, हे कळले तर फार मदत होईल.