लोकलमधले ग्रुप: सोबत की दादागिरी?

मधलीसीट:
9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं पडली, काही जिवानिशी गेली. त्यानंतर रेल्वेने बिगर-एसी लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायचं जाहीर केलं. दारं हवीतच, त्यावर वाद नाही. पण ऑफिसात एकजण म्हणाला, "बरं होईल, दार अडवणारे ते ग्रुपवालेही संपतील." तिथे माझं बिनसलं.

आमच्या कल्याण फास्टच्या सेकंड क्लासात रोज एकाच कोपऱ्यात भेटणारे कोण? बँकेतला कॅशियर, कुरिअर कंपनीतला मुलगा, मंत्रालयातला शिपाई, एक सीए. यांची गाठ मुंबईत दुसरीकडे कुठे पडली असती? सोसायट्या पैशांवर वाटल्या गेल्या, शाळा बोर्डांवर. पासाला मात्र कोणी पगार विचारत नाही. शिपायाच्या वडिलांना रक्त लागलं तेव्हा सीए रात्री ठाण्याहून आला. दसऱ्याआधी डबा सजतो, भजनाला टाळ निघतात. यात खुपण्यासारखं काय आहे?

बोरिवलीउतरणार:
खुपण्यासारखं हे की तुमचे चौघे भेटले, पाचव्याला दारातच अडवलं. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायचं असं नुसतं बोलून बघा. आधी टोमणे, मग "इथे कशाला चढलास", मग उतरायच्या वेळी कोणी हलत नाही. राखीव नसलेल्या डब्यात दुसऱ्याला चढण्यापासून अडवलं तर रेल्वे कायद्याचं कलम 155 आहे, दंड 200 रुपयांपर्यंत. म्हणजे दादागिरी स्वस्तात पडते.

आणि रुमाल टाकून धरलेल्या जागा? लांबून धावत आलेला उभा राहणार, आणि सावकाश येणाऱ्या मित्राला खिडकी. भजनाचंही तेच. रात्रपाळी करून निघालेल्याला डोळा लावायचा असेल तर त्याने कानात बोळे घालायचे का?

मधलीसीट:
बोरिवलीच्या माणसाला विरार गाडीच लागते कशाला? मागून बोरिवली लोकल असते की. विरारवाल्याला पर्याय नसतो, त्याला पुढे अजून अर्धा तास उभं राहायचं असतं. रुमालाचं मान्य, ते बंद व्हावं. भजनाचं नाही.

एसीपास:
25 डिसेंबर 2017 ला पश्चिम रेल्वेवर एसी लोकल सुरू झाली, तेव्हापासून त्याच गाडीने जातो. कोणी कोणाशी बोलत नाही. स्वर्ग. मला समाज नको, सीट हवी.

चौथीसीट_लेडीज:
दोन्ही बाजू पुरुषांच्या डब्यातून बोलताहेत. आमच्याकडेही ग्रुप आहेत. मेथी निवडणं, डोहाळजेवण, नवरात्रात ठरलेल्या रंगाच्या साड्या, सगळं होतं. तिघींच्या बाकावर चौथीने टेकायचं, त्या चौथ्या सीटवरून झिंज्या उपटण्यापर्यंतही जातं, उगाच गोड चित्र नको.

पण मी कुठल्याच ग्रुपात नाही, आणि तरी माझं काही अडलं नाही, ते "कुठे उतरणार?" या प्रश्नामुळे. चढलं की बसलेल्या बाईला हे विचारायचं. ती "घाटकोपर" म्हणाली की तिची जागा तुमची. मग तिच्यासमोर उभं राहायचं, आणि तेवढ्या वेळात बोलणं होतंच. माझ्या मुलीचं पाळणाघर मला भायखळ्याला उतरणाऱ्या एका बाईने सांगितलं. तिचं नाव मी अजून विचारलेलं नाही. पगाराची स्लिप कशी वाचायची हे दुसरीने शिकवलं, पिना विकणाऱ्या मावशींच्या टोपलीवर कागद ठेवून! ग्रुपातल्या बायका आपसात बोलतात. अनोळखीशी बोलते ती एकटी आलेली. मधलीसीट, तुम्ही ज्याला मुंबईची सरमिसळ म्हणताय ती तुमचा ग्रुप जमण्याआधीच घडून गेली. आता ते चौघे पाचव्याकडे बघतात तरी का?

बोरिवलीउतरणार:
हे मला म्हणायचं होतं, रागात जमलं नाही.

मधलीसीट:
बघतो आम्ही पाचव्याकडे. पण "कुठे उतरणार" वर रक्त द्यायला कोणी येत नाही, ताई. त्यासाठी तोच चेहरा वर्षानुवर्षं दिसावा लागतो. मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा फोन कोणाचे आले? ग्रुपाचेच. आमच्यातल्या एकाची नोकरी गेली, त्याला काम मिळवून दिलं तेही कुरिअरवाल्याने.

चौथीसीट_लेडीज:
ते खरं आहे. पण त्याची किंमत रोज दारातला कोणीतरी मोजत असेल, तर ती तुमच्या हिशेबात धरा एवढंच.

नांदेडहूनआलेला:
वाचतोय मगापासून. मी डोंबिवलीत भाड्याने राहतो. सकाळी उलटा कल्याणला जाऊन बसून येतो, म्हणजे खिडकीशी ग्रुप असतो त्याच डब्यात. मान हलवण्यापलीकडे गाडी सरकलेली नाही. कोणी सांगेल का, ग्रुपात शिरायचं कसं असतं?

एसीपास:
नका शिरू.

मधलीसीट:
पत्त्यांना चौथा भिडू कमी पडतो त्या दिवशी बॅग पुढे करायची, पत्ते मांडायला. गाडी कितीची आहे तुमची?

बोरिवलीउतरणार:
झाली भरती सुरू. आता दारात कोण उभं राहणार तेही इथेच ठरवून टाका.