दादा बोलना झालाय, सरळ विचारावं का नको?

तेरणाकाठचा:
नमस्कार मंडळी. लांबलचक होईल, माफ करा, रात्रपाळीवरून येऊन लिहायलोय. मी चाकणला कंपनीत आहे, गाव औसा तालुक्यात तेरणेच्या काठाला. गावाकडं दादा, वहिनी, दोन लेकरं अन आई. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमचं साडेतीन एकर सोयाबीन तर गेलंच, पण नदीकडची दीड एकर माती खरडून खाली मुरूम उघडा पडला, म्हणजे नुसतं पीक नाही, जमीनच गेली. तवा दादा ठीक होता. गाळातून मोटार काढली, पंचनाम्यासाठी तलाठ्याच्या मागं फिरला, उलट मलाच फोनवर धीर द्यायचा. दिवाळीनंतर बिनसलं. रात्री दोन-अडीचला उठून ओट्यावर बसतो म्हणे. अर्धी भाकर खातो. बोललं तर नुसतं हूं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला, मी मुद्दाम रजा टाकून गेलतो, आमच्यात पूजेची कोप (कडब्याची खोपटी) दादाच करतो, कडबा त्याच्याच हातानं बसतो, यंदा म्हणला "तूच कर, मला काय त्याचं". आईनं भज्जी, आंबील सगळं केलं, हा बांधावर आमच्याकडं पाठ करून नदीकडं बघत बसला.

आता खरी गोष्ट. परवा वहिनीचा फोन आला. दादानं तिला कपाटापुढं बसवून सोसायटीचं पासबुक, विम्याची पावती, सातबारा, कुणाचे किती हातउसने द्यायचेत ती वही, सगळं एकेक करून समजून सांगितलं आणि शेवटी म्हणला, "आता तुला कुणाला विचारायची गरज नाही पडणार." वहिनीला आधी बरंच वाटलं म्हणे की चला माणूस बोलला तरी. झोपताना तिच्या पोटात गोळा आला.

आई म्हणते बाहेरचं हाय. चुलते म्हणतात टेन्शन सगळ्यालाच हाय. इथला रूममेट म्हणतो असलं काही सरळ विचारू नको, नसलं तर डोक्यात भरवशील. रविवारी जायचा विचार आहे. काय बोलू? सरळ विचारावं का नको?

हरभऱ्याचा घाटा:
रविवार कशाला भावा, आज रात्रीची गाडी पकड. कागदपत्रं समजून सांगणं, वही उघडी करणं, ही आवराआवर आहे, मला तर वाचूनच कसंतरी झालं. तोवर वहिनीला सांग की त्याला एकट्याला सोडू नका, म्हणजे पहारा नाही, लेकरू जवळ असू दे, कुणीतरी सोबत असू दे. आणि घरात, गोठ्यात फवारणीची औषधं असतील ती आजच्या आज शेजारी नाहीतर चुलत्याकडं कुलपात ठेवा. विचारलं तर सांगायचं लेकरांच्या हाताला लागतेत म्हणून हलवली. वाईट वेळ बऱ्याचदा काही तासांची असते, तेवढ्यात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो.

बंदा रुपया:
मी जरा वेगळं बोलतो. आपल्या बापजाद्यांनी ७२ चा दुष्काळ काढला, सुकडी खाऊन खडी फोडली, तवा कुणाला डिप्रेशन झालं नव्हतं. मन घट्ट करायला सांगा. सकाळी उठून चालायला लावा, पारायणाला बसवा, लेकरांकडं बघ म्हणावं. माणूस रिकामा बसला की डोकं फिरतंय.

हरभऱ्याचा घाटा:
७२ ला झालं नव्हतं का कुणी मोजलं नव्हतं? माझा आजा त्याच सालानंतर बोलायचा बंद झालता, घरातले म्हणायचे त्याला वारं लागलंय. मन घट्ट कर म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळ म्हणणं.

आशाताई:
मी आशा कार्यकर्ती आहे, गावातल्या आरोग्याचं काम करते, लातूर जिल्ह्यातच, गाव सांगत नाही. पारायणावरून भांडू नका. पारायणाला बसून चार माणसांत राहिला तर चांगलंच की, पण दवाखान्याच्या बदल्यात नाही.

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: सरळ विचारायचं. विचारल्यानं डोक्यात भरत नाही, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझाबी विश्वास बसला नव्हता. २०१५ ला सरकारनं मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी, त्यात आम्ही घरोघर जाऊन विचारायचो झोप लागती का, जेवण जातं का, जगून काय उपयोग असं वाटतं का. सुरुवातीला शेवटचा प्रश्न मी गाळायचे, लाज वाटायची. एका घरी चुकून विचारला, तर तो माणूस माझ्याकडं बघून म्हणला "ताई, हे विचारणारी तुम्ही पहिलीच". अन मग अर्धा तास थांबलाच नाही. मनात हाय त्याला ते कुणाला तरी सांगायचं असतंय, पण घरचे घाबरतील म्हणून तो दाबतो.

विचारताना आडून नको. "तसलं काही मनात नाही ना?" असं विचारलं की माणूस नाहीच म्हणतो, कारण तुम्हाला नाही ऐकायचंय हे त्याला कळतं. "दादा, जीव द्यायचा विचार येतो का?" एवढंच, हळू आवाजात. हो म्हणला तर पुढचं विचारा, कसं करायचं ते ठरवलंय का, कधीपासून. ठरवलेलं असलं तर मग एक मिनिट एकटं सोडायचं नाही, थेट दवाखाना. आणि हो म्हणला की लेकरांची शपथ घालू नका, रडू नका, भाषण देऊ नका. शपथ घातली की तो पुढच्या वेळेला सांगणार नाही. कुणाला सांगू नको म्हणला तरी ते वचन देऊ नका, "वहिनी अन डॉक्टरपुरतं सांगणार" असं तोंडावर म्हणायचं.

जागतिक आरोग्य संघटनेचं संकटातल्या माणसाला मानसिक प्रथमोपचाराचं एक पुस्तक आहे २०११ चं, त्यातलं सार तीन शब्दांत सांगतात, पाहा, ऐका, जोडा. लोकं पहिलं अन तिसरं विसरतात. ऐकायला जातात अन स्वतःच बोलून येतात.

फोनसाठी १४४१६, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. तुम्हीसुद्धा करू शकता, दादाशी कसं बोलावं ते विचारायला. १०८ अन ११२ तर माहीतच आहेत.

पाथरीकर:
परभणीहून. एकच सांगतो, मी त्यातून गेलोय. २०१६, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलतं ते साल. माझी बोअर गेली, मोसंबीची बाग डोळ्यादेखत वाळली, ११ वर्षांची झाडं कुऱ्हाडीनं तोडून सरपणाला घातली. पैशाचं दुःख होतंच, पण मला लाज खायची. गावात निघालं की समोरचा "कसंय मालक" म्हणायचा तेबी टोचायचं.

मला समजावणारे लई आले. बसले, चहा पिले, लेकरांकडं बघ म्हणले, गेले. लेकरांकडं बघितलं की उलट वाटायचं यांचं माझ्यामुळंच वाटोळं झालं, हे त्या शहाण्यांना कामून कळत नाही काय माहीत. कामाला आला एक दोस्त. तो काही बोलायचाच नाही. रोज दिवस मावळताना गाडी घेऊन दारात उभा, "डेअरीला चल". माझ्याकडं दूध नव्हतं, त्याचंच घालायला जायचो. मी कॅन धरून मागं. पंधरा-वीस दिवस असंच. एक दिवस डेअरीपुढं फॅट लागायची वाट बघत उभं असताना मीच म्हणलो, "मला लई वंगाळ विचार येऊ लागलेत." तो म्हणला, "मला वाटलंच. उद्या परभणीला जाऊ." झालं.

गोळ्यांचं ऐका. पहिल्या आठवड्यात काही फरक पडत नाही, उलट मळमळ, तोंड कोरडं, मी फेकून द्यायला निघालो होतो. दोन-तीन आठवड्यांनी आधी झोप आली. मन नंतर. बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत, मी केल्या होत्या, परत खाली गेलो. आता काही नाही चालू, डॉक्टरनंच हळूहळू कमी केल्या. आणि गोळ्या वहिनीच्या ताब्यात ठेवा, सगळं पाकीट त्याच्या हातात नको.

तेरणाकाठचा:
वाचतोय सगळ्यांचं. रात्रीची ट्रॅव्हल्स बुक केली. औषधं हलवली म्हणून वहिनीचा मेसेज आला. एक शंका, चुलते म्हणायलेत दवाखान्यात असलं काही बोललं की पोलीस केस होते, नाव खराब होतं. खरं का?

कोर्टकचेरी:
नाही. असे विचार येतात म्हणून डॉक्टरला सांगितलं तर कसली केस? तो गुन्हा कधीच नव्हता. चुलत्यांच्या डोक्यात जुन्या दंड संहितेचं (आयपीसी) कलम ३०९ असणार, ते आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नं सांगितलं की प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं सरकारचं काम. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात ३०९ सारखं सरसकट कलमच ठेवलं नाही. बिनधास्त न्या.

अजून एक, त्या हातउसन्याच्या वहीत कुणी विनापरवाना सावकार असेल तर २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, तालुक्याला सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकाकडं अर्ज करता येतो. हे मानसोपचार नव्हे, पण वहीतलं एक जरी नाव हललं तरी माणसाला श्वास येतो.

जुना किल्लारीकर:
तुमच्याच भागातला आहे म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसता वाचत असतो. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती शिरवून लोक झोपलेले. मी तेव्हा २२ चा. घरातले तिघं गेले. पहिले आठ-दहा दिवस मी रडलो नाही, ढिगारे उपसायला सगळ्यात पुढं, लोक म्हणायचे काय धीराचं पोरगं. ट्रकच्या ट्रक कपडे आले, मंत्री आले, कॅमेरे आले. सगळे गेल्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये थंडी सुरू झाली तवा माझा पाय जाग्यावरून उचलेना. म्हणून तुझा दादा पुरात खंबीर अन दिवाळीनंतर ढासळला याचं मला जरासुद्धा नवल वाटलं नाही. पाणी असतं तोवर हात चालतात.

नवीन गावात घरं मिळाली, रस्ते रुंद, पण शेजार तुटला. जुन्या गावात भिंतीला भिंत होती, खोकलं तरी पलीकडून "काय रे" यायचं. नव्या गावात हाक मारली तर ऐकू जात नव्हती. माझ्या मते कितीतरी लोकं तिथंच खचली. अजूनही गणपती शिरवला की त्या रात्री मी अंगणात झोपतो, सून हसते, हसू दे.

एक ध्यानात ठेव. पुढच्या सप्टेंबरात, पहिला मोठा पाऊस लागला की तुझ्या दादाला परत जड जाईल. तवा गावाकडं असशील असं बघ. आणि वहिनीला कुणी विचारतंय का? ती बाई रात्र रात्र जागी असणार.

बंदा रुपया:
वर लिहिलेलं जरा जादाच बोललो असं वाटायलंय. माफी. ७२ चं माझ्या बापाकडून ऐकलेलं, तोसुद्धा सांगताना मधीच गप व्हायचा हे आता ध्यानात आलं.

तेरणाकाठचा:
पाच दिवसांनी लिहायलोय, बरेच मेसेज आले, सगळ्यांना उत्तर देता आलं नाही.

पोचलो त्या दिवशी काहीच बोललो नाही, हिंमत झाली नाही खरं तर. रात्री पावणेतीनला दादा उठला तसा मीबी उठून ओट्यावर जाऊन बसलो. थंडी लई होती, आईची वाकळ दोघांच्या पायावर घेतली. दहा मिनिटं कुत्रं भुंकतंय तेवढंच. मग आशाताईंनी सांगितलं तसं विचारलं, शब्द सुद्धा तेच. दादा बराच वेळ गप. मला वाटलं आता हा उठून जाणार. मग म्हणला, "येतो." म्हणला, "रोज नाही, पण या टायमाला येतो."

पुढं काय बोलायचं ते माझं सगळं पाठ केलेलं उडून गेलं. ठरवलंय का काही एवढं विचारलं, म्हणला ठरवलं नाही, पण कागदं नीट लावून ठेवली म्हणजे मोकळं असं वाटलं. मग तोच बोलत गेला. आम्हाला वाटत होतं कर्जाचं, तर त्याच्या तोंडात एकच, "आज्जानं काढलेली माती होती, बैलगाडीनं गाळ आणून टाकलेली, माझ्या काळात गेली." मी मधी एकदाच म्हणलो "पूर काय तू आणला का", तर लगेच गप झाला. परत नाही तसं बोललो.

सकाळी वहिनीला दोघांनी मिळून सांगितलं. ती म्हणली मला माहीत होतं, अन भाकरी थापत राहिली. १४४१६ ला मी आधी एकटा बोललो होतो बसमध्ये, दादा नाही बोलला, नको म्हणला. लातूरला सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात नेलं, गर्दी होती, दोन तास बसावं लागलं, दादाला तिथं शेजारच्या गावाचा ओळखीचा माणूस भेटला, आधी दोघांनी एकमेकाला बघून नजर चुकवली अन मग नंबर येईपर्यंत हरभऱ्यावरच्या घाटेअळीवर बोलत बसले. डॉक्टरनं वीस मिनिटं घेतली. गोळ्या दिल्यात, पंधरा दिवसांनी परत बोलावलंय. पाकीट वहिनीच्या डब्यात, पिठाच्या.

आईनं तरीबी अंगारा लावला. लावू दिला.

फरक काय पडला म्हणाल तर अजून काही नाही. काल अडीचला परत उठलाच. पण मला हलवून उठवलं, "येतो का बाहेर" म्हणला. मी रजा आठवडाभर वाढवलीय, सुपरवायझर कटकट करतोय. अनुदानाची ई-केवायसी राहिलीय दादाची, त्याच्यामुळं पैसे अडकलेत, तेबी त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. दोनदा गेलता, अंगठा उठला नाही म्हणून लाजून परत आला. उद्या दोघं औशाला जायलोत.

पाथरीकर:
अंगठे सगळ्यांचेच झिजलेत. हात कोमट पाण्यानं धुवून कोरडे करून लावायला सांग, नाहीच झालं तर डोळ्याचं मशीन कुठल्या सेंटरला आहे ते आधी फोन करून विचार, नाहीतर उगाच परत हेलपाटा होईल.