मदत हवी आहे: भाषाशास्त्राच्या पीएचडीतला क्वालिफायिंग पेपर – विषय किती छोटा करायचा?

नमस्कार. मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात भाषाशास्त्रात पीएचडी करते आहे, दुसरं वर्ष चालू आहे. या वाटेने आधी गेलेलं इथे कुणी असेल तर सल्ला हवा आहे.

आमच्या विभागात प्रबंधाच्या प्रपोजलआधी दोन क्वालिफायिंग पेपर (सगळे क्यूपीच म्हणतात) पूर्ण करावे लागतात. एमआयटीसारख्या ठिकाणी यांनाच जनरल्स पेपर म्हणतात. आमचा नियम असा: पहिला पेपर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस, दुसरा तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस. दोन्ही वेगवेगळ्या उपशाखांत हवेत आणि दोन्हींचे मुख्य मार्गदर्शकही वेगळे हवेत. प्रत्येकाला तीन जणांची कमिटी आणि शेवटी तोंडी डिफेन्स. पेपर ‘प्रसिद्ध करण्याच्या दर्जाचा’ हवा एवढंच हँडबुकात लिहिलं आहे. दोन्ही पार पडले की कँडिडसी, म्हणजे प्रबंधाच्या टप्प्याला अधिकृत पात्रता.

पहिला पेपर मला सिंटॅक्समध्ये (वाक्यरचनेत), मराठीवर करायचा आहे. मूळ निरीक्षण असं:

मी पोळी खाल्ली.
तू पोळी खाल्लीस.
त्याने पोळी खाल्ली.

तिन्ही वाक्यांत क्रियापद पोळीप्रमाणे स्त्रीलिंगी. ‘ने’ मात्र फक्त तृतीय पुरुषाला लागतो. हिंदीत ‘मैंने’, ‘तूने’ सगळीकडे ‘ने’ आहे, मराठीत नाही. वर ‘तू’च्या वाक्यात क्रियापदाला ‘स’ही लागतो, म्हणजे एकाच क्रियापदावर कर्माची खूण आहे आणि कर्त्याचीही.

मी या पेपरच्या प्रपोजलमध्ये हा ‘ने’ कुठून आला, बोलींत काय होतं, हिंदी आणि गुजरातीशी तुलना, सगळं मांडलं. मार्गदर्शकांनी वाचून सांगितलं की यात तीन प्रबंध आहेत आणि क्यूपी एकही नाही. मी आता फक्त त्या ‘स’वर पेपर लिहायचा विचार करते आहे, पण एका अक्षरावर चाळीसेक पानं लिहिली तर कमिटी म्हणेल का, की विषयच नाही?

शिवाय, पहिल्या वर्षाच्या सेमिनारसाठी याच विषयावर टर्म पेपर लिहिला होता, तो वाढवलेला चालतो का? दुसरा पेपर फोनेटिक्समध्ये (उच्चारांच्या अभ्यासात) करायचा आहे, तोही मराठीवरच. दोन्ही पेपर एकाच भाषेवर असले तर पुढे नोकरीच्या वेळी अडचण येते का? आणि आयआरबीची (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या विद्यापीठाच्या बोर्डाची) परवानगी नेमकी कधी लागते? वाक्यं माझ्याच मातृभाषेतली आहेत, म्हणून मला वाटतं लागू नये.

प्रतिसाद १

मी याच टप्प्यातून गेलो आहे आणि आता अशा पेपरांच्या कमिट्यांवर बसतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

‘स’ अजिबात छोटा विषय नाही. क्यूपीला एकच दावा लागतो, त्याच्या बाजूचा पुरावा लागतो, आणि दुसरं कुणी तीच तथ्यं वेगळ्या रीतीने समजावू पाहील तर ते का जमणार नाही हे दाखवावं लागतं. एवढ्यात चाळीस पानं सहज भरतात. हिंदी-गुजराती आणली की तुम्हाला प्रत्येक भाषेतल्या आधीच्या लिखाणाला उत्तर देत बसावं लागेल आणि दावा मागे पडेल.

आता ‘स’कडे बघा. ‘तू आलास’ यातही तो आहे, तिथे तृतीय पुरुषात ‘ने’ येत नाही (‘तो आला’). म्हणजे ‘स’ हा ‘ने’च्या जागी आलेला प्रत्यय आहे हे म्हणणं टिकत नाही. ‘तू मला पाहिलंस’ घ्या. कर्माला ‘ला’ लागल्यामुळे क्रियापद नपुंसकलिंगी झालं, तरी ‘स’ आहेच, म्हणून तो कर्मावर अवलंबून नाही. पण ‘तुला पोळी आवडली’ म्हणतो, तिथे ‘आवडलीस’ होत नाही. ऐकणारी व्यक्ती तीच असूनही ‘तू’चं रूप बदललं की ‘स’ जातो. मग ‘त्याने पत्र लिहायला हवं’ आणि ‘तू पत्र लिहायला हवंस’ ही जोडी पाहा, भूतकाळ नसतानाही तेच. अनेकवचनात ‘तुम्ही पोळी खाल्लीत’. आणि सगळ्यात अवघड प्रश्न: ‘मी आलो’ यात प्रथम पुरुषाची खूण आहे, मग ‘मी पोळी खाल्ली’ यात ती का नाही? तुमचा सिद्धान्त याला उत्तर देत असेल तर पेपर उभा आहे. देत नसेल तर डिफेन्समध्ये पहिला प्रश्न हाच येईल.

टर्म पेपरबद्दल: बहुतेक ठिकाणी चालतो, आणि बरेच क्यूपी तसेच सुरू होतात. फक्त टर्म पेपर नवा कोर्स शिकल्याचं दाखवतो आणि क्यूपी वाचणाऱ्याला काहीतरी नवं सांगतो. जुन्या फाइलवर जोड देत बसू नका. दावा एका वाक्यात लिहा आणि नव्या फाइलमध्ये सुरुवात करा. विभागाकडे आधीच्या विद्यार्थ्यांचे मंजूर झालेले क्यूपी असतात, ते मागून घ्या. ‘प्रसिद्ध करण्याच्या दर्जाचा’ म्हणजे तुमच्या विभागात काय, हे त्यातूनच कळेल.

प्रतिसाद २

आयआरबीबद्दल कळकळीने सांगते, कारण इथे उशीर झाला की काहीच करता येत नाही.

तुमची स्वतःची वाक्यं, तुमचा स्वतःचा भाषिक निर्णय, यासाठी सहसा परवानगी लागत नाही. पण ‘तू पोळी खाल्ली’ असं ‘स’शिवाय बोलणारेही आहेत, हे तुम्हाला माहीत असेलच. कमिटी विचारणार की कोण, कुठे, किती जण. त्या क्षणी तुम्ही दुसऱ्या लोकांना पद्धतशीर विचारायला लागता आणि परवानगीचा प्रश्न येतो. गोळा करून झालेल्या माहितीला मागाहून परवानगी मिळत नाही. अशी माहिती पेपरातून काढून टाकायची वेळ येऊ शकते.

वाक्यं बरोबर की चूक एवढंच विचारणारी प्रश्नावली बहुधा कमी जोखमीच्या, सौम्य तपासणीच्या वर्गात बसते, पण ते ठरवायचं बोर्डाने, आपण नाही. अर्जावर मार्गदर्शकांची संमती लागते, आणि त्याआधी ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. दुसऱ्या पेपरासाठी आवाज रेकॉर्ड करणार असाल तर आत्ताच विचार करा: आवाजावरून माणूस ओळखता येतो. रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, किती काळ, इतर संशोधकांना देणार का, हे संमतिपत्रात पहिल्यापासून लिहा. नंतर ‘आर्काइव्हला द्यायचं आहे’ म्हणून प्रत्येकाकडे परत जाणं फार कठीण असतं.

प्रतिसाद ३

दोन्ही पेपर मराठीवर? माझं मत थोडं वेगळं आहे. भाषा एकच असली तरी हरकत नाही, पण पद्धत खरोखर वेगळी दिसली पाहिजे. पहिल्यात वाक्यांचं विश्लेषण आणि दुसऱ्यात मोजमाप आणि संख्याशास्त्र, असं असेल तर ती उलट जमेची बाजू आहे. मराठीवर प्रायोगिक काम मुळात कमी आहे.

फोनेटिक्ससाठी काय घेणार आहात? ‘म्ह’, ‘न्ह’, ‘ल्ह’ मोह पाडतात, मराठीत ते आहेत आणि जगातल्या थोड्याच भाषांत सापडतात. पण सावध. महाप्राण आवाज मोजताना पहिल्या दोन हार्मोनिकमधला (आवाजाच्या मूळ कंपनाच्या पटींतल्या घटकांमधला) फरक घेतात, आणि अनुनासिकात नाकातल्या अनुनादाचा परिणाम नेमका त्याच भागावर होतो. नुसत्या रेकॉर्डिंगवर निष्कर्ष काढला तर फोनेटिक्सवाला सदस्य तिथेच थांबवेल. प्रयोगशाळेत ग्लॉटोग्राफ (स्वरतंतूंची हालचाल थेट नोंदवणारं यंत्र) असेल तरच याकडे वळा.

त्यापेक्षा ‘च’ घ्या. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ वेगळा, ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे पाण्याचं भांडं यांतला ‘ज’ वेगळा, आणि लिपी दोन्हीकडे तीच. घर्षणाचा भाग प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजता येतो, ते फुकट आहे. वर ‘माझा’ आणि ‘माझी’ यांत उच्चार बदलतो, त्यामुळे ध्वनिव्यवस्थेचा प्रश्नही हाती लागतो. पहिला पेपर कमिटी वाचत असेल तेव्हा याचं रेकॉर्डिंग सुरू करा. ते आठवडे नुसती वाट पाहण्यात जातात.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. ‘मी आलो’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ ही जोडी मी एकमेकांशेजारी ठेवून पाहिलीच नव्हती. कालपासून दुसरं काही सुचत नाहीये, आणि आता वाटतंय की पेपरचा दावा तिथेच आहे. प्रपोजल नव्याने लिहिते आहे, त्यात हिंदी आणि गुजराती फक्त एका परिच्छेदापुरती. आयआरबीचा अर्ज दोन्ही पेपरांसाठी आताच भरते. इथल्या सगळ्यांना ‘तुम्ही स लावता का’ असं विचारायची फार इच्छा आहे, पण परवानगी येईपर्यंत विचारणार नाही.

एक शेवटचं: माझ्या कमिटीत मराठी येणारं कुणीच नाही. माझ्या वाक्यांवर त्यांनी विश्वास कसा ठेवायचा?

प्रतिसाद १

प्रत्येक उदाहरण रोमन लिप्यंतर, लाइपझिगच्या नियमांप्रमाणे (भाषाशास्त्रातली प्रमाण पद्धत) शब्दाखाली शब्द ग्लॉस, म्हणजे प्रत्येक भागाचा अर्थ आणि व्याकरण, आणि अनुवाद, अशा तीन ओळींत द्या. न होणारी वाक्यं तारांकित करून होणाऱ्यांच्या लगेच खाली द्या, म्हणजे फरक डोळ्यांना दिसतो. सुरुवातीला दोन पानांत मराठीची लिंगं, वचनं आणि ‘ने’ची मांडणी द्या. राजेश्वरी पंढरीपांडे यांचं १९९७ सालचं मराठीचं वर्णनात्मक व्याकरण इंग्रजीत आहे, त्यातल्या उदाहरणांशी तुमची जुळतात तिथे तसं नोंदवा. जिथे जुळत नाहीत तिथे तेही ठळकपणे लिहा आणि कोणत्या भागातल्या मराठीबद्दल बोलता आहात ते सांगा. आणि प्रपोजलची भेट ठरायच्या आधी तिन्ही सदस्यांना पहिली पाच उदाहरणं नुसती ईमेलने पाठवा. ग्लॉसबद्दलचे प्रश्न तिथेच मिटले की भेटीत वेळ दाव्यासाठी उरतो.