ऑटोमेशन कंपनीची ऑफर: पगाराचा आकडा वाचायचा कसा?

नवा_प्रोग्रामर:
पीएलसी-स्काडा (कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर आणि त्यावर नजर ठेवणारी संगणक प्रणाली) प्रोग्रामिंग आणि कमिशनिंग (साइटवर यंत्रणा तपासून सुरू करणं), अशा दुहेरी कामाची ऑफर आली आहे. आकडा सध्याच्या पगारापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त आहे, पण त्यातला ३० टक्के भाग व्हेरिएबल (अट पूर्ण झाली तरच मिळणारा), तोही प्रोजेक्ट पूर्ण होऊन बंद झाल्यावर. सध्याचा पगार सगळा फिक्स्ड आहे आणि काम ऑफिसातलं. नव्या ठिकाणी महिन्यातले १० दिवस साइट, ओव्हरटाइम नाही, "कॉम्प-ऑफ (जादा कामाच्या बदल्यात रजा) मिळतो" असं तोंडी सांगितलं. ही वाढ खरी धरायची का? पुढच्या फेरीत काय विचारू?

लूपचेक:
आधी तासांचा हिशेब मांडा. आजचा पगार १०० धरला तर ऑफर १२५, त्यातले हमखास फक्त ८७.५. ऑफिसचे २२ दिवस, रोज ८ तास, म्हणजे १७६ तास. नव्या ठिकाणी साइटचे १० दिवस १२ तासांचे, ऑफिसचे १२ दिवस ८ तासांचे, वर दोन वेळचा प्रवास मिळून १८ तास: एकूण २३४. व्हेरिएबल पूर्ण हातात पडलं तरी तासाचा दर आजच्यापेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमीच भरतो. बरोबरीला यायला १३३ हवेत.

कॉम्प-ऑफ खरंच मिळत असेल तर चित्र पालटतं. जादा ५८ तास म्हणजे सात दिवसांहून जास्त रजा, दर महिन्याला. म्हणून तीन गोष्टी लेखी घ्या: प्रवासाचा वेळ धरतात का, रजा किती दिवसांत संपते, आणि न घेतलेल्या रजेचे पैसे मिळतात का.

पॅनेल_ते_प्लांट:
हिशेब पटला. पण साइटवर १२ तास का लागतात, हे खरं विचारायला हवं. ते कोटेशन देतानाच ठरून जातं. ६०० आयओंचं (पीएलसीला जोडलेल्या इनपुट-आउटपुट सिग्नलचं) लूप चेकिंग, म्हणजे प्रत्येक सिग्नल फील्डपासून स्क्रीनपर्यंत नीट पोचतो का ते पाहणं, घ्या. एक जण फील्डमध्ये कॅलिब्रेटर (चाचणीचा सिग्नल देणारं उपकरण) घेऊन, दुसरा एचएमआयसमोर (ऑपरेटरच्या स्क्रीनसमोर). सरासरी १० मिनिटं धरली तर १०० तास. परमिट, केबल शोधणं, उलटी पोलॅरिटी यांतून दिवसाला निव्वळ ६ तास मिळतात, म्हणजे दोघांचे १७ दिवस. सेल्सने ऑर्डर मिळावी म्हणून ७ लिहिले असतील तर उरलेले १० तुमच्या रात्रींतून निघतात. मग सिग्नलचे ४, ८, १२, १६, २० मिलिअँपिअर असे पाचही पॉइंट तपासणं सुटतं. दाब मोजणारा ट्रान्समीटर ०-१० बारचा, प्रोग्रॅममधलं स्केलिंग (सिग्नलचं बारमध्ये रूपांतर) ०-१६ चं राहिलं, तर १२ मिलिअँपिअरला ५ ऐवजी ८ बार दिसतात, आणि ते कळतं प्लांट सुरू झाल्यावर.

तेव्हा एवढंच विचारा: साइटचे दिवस कोण ठरवतं, आणि त्या कागदावर कमिशनिंगवाल्याची सही असते का? उत्तर गुळमुळीत आलं तर बाकीच्या गोड बोलण्याला फारशी किंमत देऊ नका.

इंटरलॉक:
व्हेरिएबलबद्दल थोडं. "प्रोजेक्ट बंद" म्हणजे बहुतेकदा सॅटवर (साइटवरच्या स्वीकृती चाचणीवर) ग्राहकाची सही. ती सिव्हिलचं काम अर्धं असल्यामुळे, मोटारी न आल्यामुळे, युटिलिटी सुरू नसल्यामुळेही अडकते. यातलं काहीच तुमच्या हातात नाही. फॅटची (माल पाठवण्याआधी कंपनीत होणाऱ्या चाचणीची) तारीख पाळणं आणि तुमच्या प्रोग्रॅममुळे आलेले पंच पॉइंट (चाचणीत निघालेल्या त्रुटी) या दोन गोष्टींवर व्हेरिएबल बांधायला सांगा. न जमल्यास व्हेरिएबल ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणून बाकीचे फिक्स्डमध्ये मागा.

अजून एक, मला हे पगाराइतकंच महत्त्वाचं वाटतं. साइट सोडताना फोर्स केलेले बिट (प्रोग्रॅममध्ये हाताने चालू-बंद धरून ठेवलेले सिग्नल) आणि बायपास केलेले इंटरलॉक (धोक्याच्या वेळी यंत्र थांबवणाऱ्या अटी) यांची यादी सही करून देतात का? घाईत लेव्हल स्विच फोर्स करून पंप चालवला आणि फोर्स तसाच राहिला, तर टाकी रिकामी झाली तरी पंप कोरडा फिरत राहतो. अशी यादी ज्या टीममध्ये नसते, तिथे पुढे चूक शेवटी लॅपटॉपवर बसलेल्याच्या नावावर लागते.

नवा_प्रोग्रामर:
८७.५ चा हिशेब माझ्या डोक्यातच आला नव्हता. साइटचे दिवस कोण ठरवतं हे पहिलं विचारतो, आणि कॉम्प-ऑफचं ऑफर लेटरमध्ये लिहून मागतो.

लूपचेक:
मेलवर मागा. एचआरने फोनवर होकार दिला तर त्याच दिवशी "आपलं असं बोलणं झालं" अशी मेल तुम्हीच टाका.