मदत हवी आहे: खाडीतले फ्लेमिंगो आणि येऊरचे पक्षी, मायक्रो फोर थर्ड्स की फुल फ्रेम?

मुक्काम ऐरोली. हिवाळ्यापासून मेपर्यंत ठाणे खाडीत बोटीतून फ्लेमिंगो आणि अधूनमधून ठाण्याच्या येऊरच्या जंगलातले पक्षी टिपायचे आहेत. दोन पर्याय आहेत: २० मेगापिक्सेलच्या मायक्रो फोर थर्ड्सवर (लहान सेन्सरचा कॅमेरा) १००-४०० मिमी एफ ५-६.३ लेन्स, किंवा २४ मेगापिक्सेल फुल फ्रेमवर (सुमारे चौपट क्षेत्रफळाचा सेन्सर) २००-६०० मिमी एफ ५.६-६.३. पहिली लेन्स साधारण १.१ किलोची, दुसरी दोन किलोंवर. कॅमेरा हातातच धरणार. पक्षी लांब असताना मोठ्या सेन्सरचा फायदा उरतो का?

प्रतिसाद १:
पक्षी लांब असेल तर आधी लेन्सच्या प्रकाश घेणाऱ्या छिद्राचा व्यास काढा: फोकल लेंग्थ भागिले एफ नंबर. ४०० भागिले ६.३ म्हणजे ६३ मिमी, ६०० भागिले ६.३ म्हणजे ९५ मिमी. एकाच जागेवरून, एकाच शटर स्पीडला पक्ष्याकडून मिळणारा प्रकाश व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणजे दुसऱ्या जोडीत सव्वादोन पट, जेमतेम सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). हा फायदा लेन्सचा आहे, सेन्सरचा नाही! ४०० मिमीचीच लेन्स फुल फ्रेमवर लावून तेवढाच भाग क्रॉप केलात तर नॉईज (फोटोतले दाणे) जवळपास तेवढाच राहतो आणि २४ मेगापिक्सेलमधले ६ उरतात. फुल फ्रेमवर ६०० मिमी लावूनही, मायक्रो फोर थर्ड्सवर ४०० मिमीला दिसते तेवढ्या चौकटीपर्यंत क्रॉप केल्यावर साडेतेरा मेगापिक्सेलच्या आसपास उरतात.

खाडीवर उन्हात १/२००० सेकंदाच्या शटरला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की नॉईज जास्त दिसतो) ४००-८०० पुरतो, तिथे दोन्ही सिस्टीम चालतील. येऊरच्या दाट सावलीत आयएसओ ३२००-६४०० वर जावं लागतं. सव्वा स्टॉप दिसेल तो तिथेच.

प्रतिसाद २:
बोटीची वेळ भरतीवर ठरते, त्यामुळे कधी ऐन उन्हातही जावं लागतं. पाण्यावरची हवा तापली की लांबच्या पक्ष्यांच्या कडा विरघळतात, आणि लोक लेन्सला दोष देतात. स्थिर उभ्या पक्ष्याचे सलग दहा फोटो काढा. फोकस न हलवता काही धारदार, काही मऊ आले तर दोष हवेचा. त्यावर उपाय एकच, जवळचा पक्षी टिपणे.

बॉडी निवडताना स्टॅक्ड सेन्सर (चित्र फार वेगाने वाचणारा) आहे का ते जरूर पाहा. नसेल तर उडत्या पक्ष्यासाठी मेकॅनिकल शटरच वापरा, नाहीतर सायलेंट मोडमध्ये (इलेक्ट्रॉनिक शटर) पंख वाकडे येतात. आणि पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, ४०-५० टक्के आर्द्रतेत ठेवा. आपल्याकडे बुरशी फार लवकर धरते.

धागाकर्ता:
धन्यवाद. बहुतेक वेळ खाडीच, येऊर महिन्यातून एकदा.

प्रतिसाद १:
मग मायक्रो फोर थर्ड्स घ्या. हलत्या बोटीत दोन किलोंची लेन्स डोळ्याशी धरून हात भरून येतात, आणि थवा उठतो नेमका तेव्हाच. येऊरला रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, बसलेल्या पक्ष्याला शटर १/२५० ठेवून सलग पाच-सहा फोटोंच्या बर्स्टमधला धारदार निवडा. उरलेला नॉईज डीनॉईज सॉफ्टवेअर बराच आवरतं.